हात न लावलेलं रेशीम

देगलूरकडून येणाऱ्या एस.टी.त त्या हिवाळ्यात एक दिवसाआड माझ्यासाठी एक ओलं पोतं यायचं. शाळा सुटली की मी तशीच, खडू लागलेल्या हातांनी, नांदेडच्या स्टँडवर जायचे आणि ते उतरवून घ्यायचे. पोत्यात तुतीचा पाला असायचा. पहिल्या वेळी कंडक्टरने विचारलं, "मॅडम, शेळी पाळली का?" मी म्हटलं, "नाही हो, अळ्या." त्यानंतर त्याने कधी काही विचारलं नाही, पोतं मात्र दोन बोटांत धरून द्यायला लागला.

पाला पाठवायचा माझा मावसभाऊ. देगलूर तालुक्यात त्याची तुतीची शेती आहे आणि रेशीम अळ्यांची मोठी शेड आहे. पण हा सगळा उपद्व्याप होता मायसाठी. माय म्हणजे माझी आई. तिचं सगळं आयुष्य उदगीरजवळच्या खेड्यात गेलं, आणि वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. एक पत्र्याची पेटी, चार पांढरी लुगडी आणि मिसरीची डबी, एवढंच सामान घेऊन.

भावाने शेड बांधली तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो होतो. लांबच लांब रॅक, त्यांवर तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर वळवळणाऱ्या हजारो पांढऱ्या अळ्या. मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू. माय मात्र बघतच राहिली. तिने एक अळी उचलून तळहातावर घेतली. ती मनगटाकडे चालायला लागली तशी माय हसली. "थंडगार हाय गं. लोण्यावाणी."

भाऊ हौसेने सगळं सांगत होता. अळी पाला खाते, कात टाकत टाकत मोठी होते, मग स्वतःभोवती कोष विणते आणि कोषांची गाडी भरून कर्नाटकात जाते. मायने विचारलं, "आन् मंग आतली अळी?"

भाऊ जरा अडखळला. "ती उकळत्या पाण्यात जाते, मावशी. न्हाईतर धागा सलग निघत न्हाई."

मायने तोंडाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला. भावजयीला वाटलं साखर कमी पडली, ती बिचारी डबाच घेऊन आली. "साखर बरी हाय," माय म्हणाली, पण कप काही पुन्हा उचलला नाही.

आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. पंचशीलातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. माय ते नुसतं म्हणत नाही. मोरीतलं झुरळसुद्धा ती खराट्यावर घेऊन बाहेर सोडते. मागाहून मी चप्पल घेऊन जाते, ती गोष्ट वेगळी.

परतताना एस.टी.त तिने मला एक आठवण सांगितली. मी ती तोवर कधी ऐकली नव्हती. लहानपणी ती तिच्या आईबरोबर गावातल्या एका मोठ्या घरी अंगण झाडायला जायची. आमच्या लोकांची धम्मदीक्षा घेऊन झाली होती, आपल्या घरातले देव नदीत सोडून झाले होते, पण गावाच्या लेखी काही बदललं नव्हतं. त्या घरचं पूजेला नेसायचं रेशमी सोवळं मागच्या अंगणात उंच वाळत घातलेलं असायचं. एकदा वाऱ्याने त्याचं टोक खाली आलं. मायने त्याला बोट लावून बघितलं. घरातल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी मारलं नाही, आरडाओरडाही केला नाही. "हात लावू नको," एवढंच म्हणाल्या. मग काठीने ते वस्त्र ओढून खाली घेतलं, पुन्हा धुतलं आणि पुन्हा वाळत टाकलं.

"काठीनं वढलं गं," माय सांगताना हसत होती. "जसा काय सापच हाय. चांगलं धुतलेलं पुन्यांदा धुतलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लई मऊ होतं पर. बोटाला अजून याद हाय."

मला हसू आलं नाही. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की या पगाराला तुला रेशमी साडी घेते, उद्याच दुकानात जाऊ. तिने मान हलवली. "दुकानातलं नगं. त्याच्यात किती जीव गेले आसतील, काय ठावं." मग म्हणाली, "अळीपासून आपल्या हातचं आसंल, आन् एक बी जीव न मारता आसंल, तर नेसंन मी. पांढरंच."

माय कधी काही मागत नाही. तुटलेली चष्म्याची काडी महिनाभर दोऱ्याने बांधून वापरेल, पण सांगणार नाही. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेही असलं अवघड. मी ते डोक्यातच घेतलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की जीव न मारता रेशीम करता येतं. कोष उकळायचा नाही, ठेवून द्यायचा. आतलं पाखरू आपसूक कोषाला भोक पाडून बाहेर येतं. असल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, पण कोष धुऊन, पिंजून कापसासारखं सूत कातता येतं. भावाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "ताई, भोकाचा कोष आमच्याकडं कोणी फुकट बी घेत न्हाई." पण दिवाळीनंतर थंडी पडली तशी त्याने दोन निळे प्लास्टिकचे ट्रे भरून बारीक अळ्या आणून दिल्या, आणि मोठी तंबी दिली. धूर नको. उदबत्ती नको. मच्छरची वडी नको. आणि तंबाखू तर दारातसुद्धा नको. "तंबाखूच्या हातानं पाला दिला तर संपलंच समज."

मी शिक्षिका. तंबी मिळाली की मला हुरूप येतो. वंदनेची मेणबत्ती आणि उदबत्ती मी समोरच्या खोलीत हलवली. मच्छरची वडी बंद केली आणि अख्खं घर रात्रभर खाजवत राहिलं. वरच्या मजल्यावरची खोली अळ्यांसाठी रिकामी केली. नळदुरुस्तीवाला आला तेव्हा तर जिन्यात मायच आडवी उभी राहिली. "तोंडात काय हाय? तंबाखू? मंग वर जायाचं न्हाई." तो वैतागून निघून गेला. वरचा नळ सगळा हिवाळा गळत राहिला.

एक ट्रे माझा, एक मायचा. माझ्या ट्रेचं सगळं घाईत. सकाळी शाळेआधी पाला टाकायचा, संध्याकाळी आल्यावर पुन्हा टाकायचा. मायचं तसं नव्हतं. विळीने चिरला की पाल्याच्या कडा काळ्या पडतात म्हणून ती एकेक पान हाताने फाडायची, बोटांनी कुरवाळून बघायची, जून वाटलं तर बाजूला टाकायची. अळ्या कात टाकायला बसल्या, खाणं बंद करून माना वर काढून स्तब्ध झाल्या, की ती खोलीत फोनवरसुद्धा बोलू द्यायची नाही. त्यांना ती लेकरं म्हणायची. "लेकरांनी आज चांगलं खाल्लं," हे ती मला जेवायला वाढताना सांगायची, आणि मी जेवले की नाही ते विचारायला विसरायची.

वडील गेल्यापासून मी तिला इतकी खूश बघितली नव्हती. जिना चढताना दुखणारे गुडघे त्या दिवसांत कुठे गेले होते कोण जाणे. शेजारच्या बायकांना ती वर घेऊन यायची, अळी त्यांच्या हातावर ठेवायची आणि त्या किंचाळल्या की मनापासून हसायची. "ह्याचंच लुगडं करणार हाय म्या," असं सांगायची.

अळ्या बोटाएवढ्या झाल्या. आता थोडेच दिवस, मग कोष धरणार, असं भाऊ फोनवर म्हणाला. आणि एका दुपारी मी घरी आले तर माय ट्रेपाशी मांडी घालून बसलेली, हात मांडीत, चेहरा उतरलेला. तिच्या ट्रेमधल्या अळ्या डोकी वर करून डुलत होत्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही आखडून पडल्या होत्या. शेजारीच माझा ट्रे होता, त्यातल्या अळ्या पाला खात होत्या. माय म्हणाली, "काय होऊन राहिलं गं ह्यांना? सकाळी तर चांगले होते."

भावाला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न तंबाखूचाच विचारला. मी जवळजवळ चिडलेच. "घरात कोणी खात नाही रे! माझा नवरा सुपारीसुद्धा खात नाही."

"फवारलेला पाला?"

"पाला तुझाच आहे, दोन्ही ट्रेना."

"मंग दोन्ही ट्रे मरायला पाहिजे होते, ताई."

संध्याकाळपर्यंत मायचा ट्रे जवळजवळ संपला. माय जेवली नाही. चहा तेवढा घेतला, आणि मग सवयीने कमरेची डबी काढली, झाकण उघडलं, तर्जनी मिसरीत बुडवली आणि दाताला लावली. मी समोर बसले होते. ते बोट तिच्या तोंडात असतानाच मला सगळं कळलं.

मिसरी म्हणजे तव्यावर जाळून कुटलेला तंबाखूच. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? लहानपणी माय ती भाजायची तेव्हा ठसका लागून आम्ही सगळी पोरं अंगणात पळायचो. पण आमच्याकडे तंबाखू खातात ते पुरुष. चुना मळतात, पिचकाऱ्या मारतात, बायकांच्या शिव्या खातात. बाया मिसरी लावतात. ते दात घासणं. माझी आजी, मावशा, आमच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या बाया सकाळी उठल्या की डबी उघडायच्या, आणि त्यातल्या एकीलाही कोणी तंबाखू खाते असं म्हटल्याचं मला आठवत नाही. भावाने तंबी दिली तेव्हा मायसुद्धा शेजारीच उभी होती. तीही मान डोलावत होती. नळवाल्याला तिने जिन्यात अडवलं तेव्हा डबी तिच्या कमरेलाच होती.

सांगावं की नाही, यावर मी त्या संध्याकाळी खूप विचार केला. न सांगून चालणार नव्हतं, माझा ट्रे अजून जिवंत होता आणि स्वतःचा संपल्यावर माय उद्या सकाळी त्यातच पाला टाकणार होती. मी शब्द निवडून निवडून सांगितलं. तुझी चूक नाही म्हटलं, एरवी पाला टाकल्यावर लागणारी मिसरी आज आधी लागली असेल म्हटलं, आपल्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही म्हटलं. साबणाने हात स्वच्छ धुतले की झालं. ट्रेजवळ जाण्याआधी मिसरी लावायची नाही, बस. एक वाक्य मात्र मी कटाक्षाने टाळलं. हात लावू नको, असं मी म्हटलं नाही. ते वाक्य तिला याआधी कोणी सांगितलं होतं ते मला माहीत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग आपलं बोट दिव्याकडे धरून बघितलं. वर्षानुवर्षं मिसरी लावून ते टोकाला तपकिरी झालेलं आहे. "म्हंजे माझ्या हातानं मेले," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

मी म्हटलं, "माय, तसं नाही गं."

"तसंच हाय की. रोज सकाळी शील म्हणून राहिले, आन् त्याच हातानं विष चारलं लेकरांला."

ती उठली, मोरीत गेली, डबी रिकामी केली आणि ती घासून उलटी टाकली. त्या दिवसापासून मिसरी बंद. इतक्या वर्षांची सवय, डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, भाजीत मीठ जास्त पडलं की माझ्यावर खेकसायची. पण मिसरी पुन्हा लावली नाही. लोकांना याचं फार कौतुक वाटतं. डॉक्टरांनी सांगून सुटली नाही ती सवय सुटली, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत फिरला. मला त्या कौतुकात कधी भाग घेता आला नाही. कारण मिसरीबरोबर तिने दुसरंही काहीतरी सोडलं होतं, आणि ते मी एकटीच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वर बोलावलं. ती आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. हात मागे घेऊन दारात उभी राहिली. "तूच टाक पाला. मी इथूनच बघते."

मी म्हटलं, "हात धू आणि ये की."

"नगं बाई. ऱ्हायलेले तरी जगू दे."

मी पुष्कळ समजावलं. चिडूनही बघितलं. आठवडा गेला, महिना गेला, आता तुझ्या बोटात काही उरलेलं नाही, असं विज्ञानाच्या बाईसारखं पटवून दिलं. ती हो म्हणायची आणि दारातच उभी राहायची. मी ज्या वाक्याला इतकी जपले, ते तिने स्वतःच स्वतःला सांगून टाकलं होतं. माझ्या सांगण्यात कुठे काही कमी पडलं का, हे मी आजही शोधते. काही सापडत नाही, आणि त्याने बरंही वाटत नाही.

माझ्या ट्रेमधल्या अळ्यांनी कोष धरले. पांढरेशुभ्र, पेवंदी बोराएवढे. मग वाट बघायची. एका पहाटे पाखरं बाहेर यायला लागली, ओलसर, पांढरी, अंगाने जड. मायने दारातूनच विचारलं, "आता उडतील का?" तिला वाटलं होतं खिडकी उघडली की सगळी भुर्रकन बाहेर जातील. मला सांगावं लागलं की ही पाखरं उडत नाहीत. पंख आहेत, नुसते फडफडतात. खातही नाहीत. नर-मादी जुळतात, मादी अंडी घालते, आणि थोड्या दिवसांत दोन्ही मरतात. माय उंबऱ्याशी वाकून त्यांची फडफड बघत राहिली. मग म्हणाली, "मंग सोडून बी काय सोडलं आपण त्यांला?" पाखरांनी अंडी घातलेले कागद मी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. अजून तिथेच आहेत. ती उबवली तर एवढ्या तोंडांना पाला कुठून आणायचा, आणि टाकली तर शीलाचं काय करायचं, हे माझं ठरलेलं नाही. मेथी काढताना ते कागद हाताला लागले की मी कप्पा लवकर बंद करते.

रिकामे कोष साबण-सोड्यात उकळून मी गच्चीवर वाळवले आणि टकळीवर कातायला बसले. माझं सूत म्हणजे कुठे दोरी, कुठे केस. लहानपणी आईशेजारी बसून सूत कातलेली माय दारात पाट टाकून बसायची आणि तिथून सांगायची, "सैल सोड. वढू नगं. आता पीळ दे." एकदा मी टकळी तिच्यापुढे धरली. म्हटलं, "आता तर यात जीव नाही. मरणार कोण?" तिचे हात पुढे आले. मी पाहिलं ते. पण मग तिने ते पदराखाली घेतले. "तुझं चांगलं चाललंय की. कात."

साडीचा विषय कधीच संपला होता. तेवढं सूतच नव्हतं, आणि पुन्हा अळ्या आणायच्या का म्हटल्यावर मायने कानावर हात ठेवले होते. नांदेडमध्ये एक हातमागवाले शोधून काढले. त्यांनी माझं सूत बघून कपाळाला हात लावला, पण उभा धागा कापसाचा घालून आडवं माझं रेशीम विणून दिलं. उपरण्याएवढं वस्त्र झालं. जरा खडबडीत, मधे मधे गाठी, आणि उन्हात धरलं तर आतून उजेड आल्यासारखं पांढरं.

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी मी ते मायपुढे धरलं. ती नवं पांढरं सुती लुगडं नेसून विहारात निघाली होती. तिने ते डोळे भरून बघितलं. घेतलं नाही. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "तूच घाल अंगावर." मी ते तिच्या खांद्यांवर टाकलं.

विहारात बायांनी तिला घेरलं. रेशीम, तेही घरच्या अळ्यांचं! सगळ्यांना बघायचं होतं. माय खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. आणि प्रत्येकीला म्हणत होती, "लावा की. हात लावून बघा." त्या एकेक करून पुढे येत होत्या, बोटांत धरून बघत होत्या, गालाला लावत होत्या. एक लहान मुलगी खिरीचा द्रोण संपवून तशीच धावत आली आणि तिने चिकट मुठीत ते टोक घट्ट पकडलं. तिची आई ओरडली. माय म्हणाली, "असू द्या हो. पोर हाय."

घरी आल्यावर मी बघितलं तर त्या टोकाला मुठीएवढा पिवळट डाग पडलेला. मी ते मायच्या खांद्यावरून काढलं आणि मोरीकडे निघाले.

"धुऊ नगं ते," माय मागून म्हणाली.

"डाग पक्का होईल, माय."

"होऊ दे. लेकराचा हात लागला म्हणून कोणी धुतंय का?"

मी परत फिरले. ते वस्त्र तिच्या पुढ्यात धरलं आणि म्हटलं, "बरं, नाही धूत. मग तूच घडी घाल."

माय उठली. मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला, साबण घसरून पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, हात पदराला पुसले, नाकाशी नेऊन बोटांचा वास घेतला. मग ते हात तिने मागे बांधले.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तूच घाल घडी."